न मावळणाऱ्या उजेडात हेलिकॉप्टर: नॉर्वेच्या उन्हाळ्यात आरसी उड्डाण शिकताना

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रॉनहाइमला सूर्य रात्री साडेअकरानंतर मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा वर येतो. मधल्या वेळातही तो क्षितिजाखाली जेमतेम तीन अंश जातो, त्यामुळे काळोख असा पडतच नाही. आणखी उत्तरेला ट्रॉम्सोमध्ये मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळण्याचं नावच घेत नाही. कामावरून आलात, जेवलात, भांडी आवरली आणि आठला मैदानावर पोचलात, तरी तीन तास लख्ख उजेड हातात असतो. रिमोट कंट्रोलचं हेलिकॉप्टर शिकायला याहून चांगला ऋतू मला माहीत नाही.

पण हा उजेड दोन बाबतींत फसवतो. एक, तो वरून पडत नाही, समोरून डोळ्यांत येतो. दोन, तो कधीच "आता पुरे" म्हणत नाही. पहिल्यावरचा उपाय तुम्ही कुठे उभे राहता यात आहे आणि दुसऱ्यावरचा घड्याळात. हे दोन्ही नीट समजलं की बाकीचं सरावाने येतं. म्हणून इथे याच दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

सुरुवात हिवाळ्यात करा

उन्हाळ्याची तयारी नोव्हेंबरात सुरू होते. बाहेर दुपारी अंधारून येतं, बर्फ असतो, बोटं गारठतात. हेच दिवस सिम्युलेटरचे. संगणकावरचं सिम्युलेटर घ्या, पण खेळाच्या कंट्रोलरवर शिकू नका. पुढे जो ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, मैदानावर वापरणार आहात तोच जोडा. अंगठ्यांना त्याच काड्यांची, त्याच स्प्रिंगची सवय लागली पाहिजे. रोज वीस मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा सलग तीन तास बसण्यापेक्षा ती वीस मिनिटं जास्त शिकवतात.

शिकायचं काय? होव्हर, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहणं. आधी शेपूट आपल्याकडे, मग डावी बाजू, मग उजवी बाजू, शेवटी नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं आणि इथेच बहुतेकांचं मॉडेल जमिनीवर येतं. एक युक्ती लक्षात ठेवा: नाक आपल्याकडे असताना हेलिकॉप्टर ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला काडी ढकला, जणू खाली जाणाऱ्या बाजूला टेकू देताय. विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून हे बोटांत उतरावं लागतं. चारही बाजूंनी सलग दोन-दोन मिनिटं होव्हर जमेपर्यंत खऱ्या मॉडेलची बॅटरी जोडू नका.

कोणतं हेलिकॉप्टर

थोडक्यात सांगतो. अडीचशे ग्रॅमच्या आतलं छोटं मॉडेल पडलं तरी फारसं मोडत नाही, पण झुळुकीने भरकटतं आणि तीस मीटरवर गेलं की ठिपका होतं. ७०० वर्गातलं मोठं मॉडेल हवेत अतिशय शांत असतं, पण त्याच्या पात्यांचा घेर दीड मीटरहून जास्त असतो आणि मिनिटाला २००० फेऱ्यांवर पात्याचं टोक ताशी सहाशे किलोमीटरच्या जवळपास धावतं. नवशिक्याच्या हातात ते नकोच. ४५० वर्ग, म्हणजे साधारण ३२५ मिलिमीटरचं पातं, हा मधला मार्ग. दिसायला पुरेसं मोठं, दुरुस्तीला सोपं. पण यालाही खेळणं समजू नका. याच्याही पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटर ओलांडतं.

कॅनोपीच्या, म्हणजे मॉडेलच्या पुढच्या कवचाच्या, रंगाबाबत मात्र हट्टी राहा. संध्याकाळच्या सोनेरी उजेडात लाल आणि नारिंगी रंग विरघळून जातात. झळाळता पिवळा किंवा पोपटी घ्या, पोटाकडची बाजू काळी करा आणि शेपटीच्या पंखाला तिसराच गडद रंग द्या. हेलिकॉप्टरचं तोंड कुठे आणि पोट कुठे, हे पापणी लवायच्या आत कळलं पाहिजे.

परवानगी आणि जागा

नॉर्वेत २०२१ पासून युरोपीय संघाचेच नियम लागू आहेत आणि त्या नियमांत रिमोटचं हेलिकॉप्टर ड्रोनच्याच पंगतीत बसतं. मॉडेल २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर नागरी विमान वाहतूक यंत्रणेकडे, म्हणजे लुफ्तफार्ट्सतिलसीनेकडे, चालक म्हणून नोंदणी करायची, ऑनलाइन परीक्षा द्यायची आणि मिळालेला क्रमांक मॉडेलवर चिकटवायचा. उंचीची मर्यादा १२० मीटर. मॉडेल कायम डोळ्यांसमोर हवं. विमानतळापासून पाच किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही. स्वतः जोडलेलं २५० ग्रॅमच्या वरचं मॉडेल वस्तीपासून आणि लोकांच्या फिरण्याच्या जागांपासून १५० मीटर लांब ठेवावं लागतं.

या नियमांतली एक गोष्ट मला फार आवडते. रात्री उडवायचं तर मॉडेलवर लुकलुकणारा हिरवा दिवा लागतो. पण "रात्र" म्हणजे काय? सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांहून खोल गेला की रात्र. जूनच्या २१ तारखेच्या आसपास साडेसाठ अंश अक्षांशाच्या उत्तरेला तो तेवढा खाली जातच नाही. ओस्लो या रेषेच्या किंचित दक्षिणेला पडतं, म्हणून तिथे थोडा वेळ तरी कायद्याची रात्र होते. ट्रॉनहाइमला त्या दिवसांत ती होतच नाही.

हिरव्या दिव्याची सूट मिळाली, तरी आवाजाची मिळत नाही. बहुतेक ठिकाणी रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळण्याची अपेक्षा असते आणि रविवारी व सणाच्या दिवशी गोंगाट करू नये असा स्वतंत्र कायदा आहे. इलेक्ट्रिक हेलिकॉप्टरची पातीसुद्धा फडफडतात आणि वारा पडलेल्या रात्री तो आवाज फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, पलीकडच्या काठापर्यंत जातो.

जागेसाठी सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे मॉडेल क्लब. नॉर्वेच्या हवाई क्रीडा महासंघाची मॉडेल शाखा आहे आणि तिच्याशी जोडलेल्या क्लबांची स्वतःची मैदानं आहेत. तिथले नियम, वेळा आणि विमा कसा आहे हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. खरा फायदा वेगळाच आहे: कोणीतरी जाणता माणूस शेजारी उभा राहून तुमचं मॉडेल पहिल्यांदा उडवून बघतो. ती पाच मिनिटं म्हणजे तुमच्या दोन महिन्यांची बचत.

क्लबाबाहेरचं शेत किंवा माळ निवडलात तर आधी चालून बघा. एप्रिल ते ऑगस्टच्या २० तारखेपर्यंत इथे कुत्र्यांनाही साखळीशिवाय सोडता येत नाही, कारण पक्ष्या-प्राण्यांच्या विणीचा हंगाम असतो. आपल्या टिटवीच्या कुळातला तुरेवाला पक्षी इथल्या शेतांत उघड्यावर अंडी घालतो. तो डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला, तर तुम्ही त्याच्या घरात उभे आहात असं समजा आणि सामान उचलून दुसरीकडे जा.

सूर्य कुठे आहे?

उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्य संध्याकाळी पश्चिमेला जाऊन थांबत नाही. तो तिरका, आडवा सरकत राहतो. ट्रॉनहाइमला जूनअखेरीस रात्री आठला तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे, क्षितिजापासून सोळा-सतरा अंशांवर असतो. दहाला तो वायव्येला पोचतो आणि पाच अंशांवर येतो. मावळतो तो जवळजवळ उत्तर-वायव्येला. मापायला सोपी युक्ती आहे: हात लांब करून मूठ धरा, मुठीची उंची साधारण दहा अंश भरते. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये एक मूठही बसत नसेल, तर समजा की उजेडाची अवघड वेळ सुरू झाली.

याचा अर्थ असा की आठला बरोबर असलेली जागा दहाला चुकीची ठरते. मैदानावर पोचल्यावर पाठ सूर्याकडे करून उभे राहा आणि हेलिकॉप्टर समोर ठेवा. दर पाऊण तासाने तुमची जागा आणि उडवायचा पट्टा दोन्ही थोडे फिरवा. क्लबाच्या मैदानावर उभं राहायची रेषा ठरलेली असते, ती मोडता येत नाही. मग सूर्य ज्या भागात आहे तो तुकडा आकाशातून वगळा आणि फक्त उरलेल्या भागात उडवा.

सूर्याच्या रेषेत गेलेलं मॉडेल कसं दिसतं ते एकदा मुद्दाम बघा, पण जमिनीवरून. मॉडेल टेबलावर ठेवा, सूर्य त्याच्या मागे येईल असे उभे राहा आणि कोणाला तरी ते हळूहळू गोल फिरवायला सांगा. पिवळा रंग गेला, काळं पोट गेलं, उरली ती एक काळी आकृती. नाक तुमच्याकडे आहे की शेपूट, हे त्या आकृतीवरून सांगता येत नाही. ती तुमच्याकडे वळतेय की पलीकडे, तेही नाही. हा प्रयोग मी प्रत्येक नव्या माणसाकडून करून घेतो, कारण शब्दांनी ते पटत नाही.

सावलीवरही विसंबू नका. दुपारी मॉडेलची सावली त्याच्या पायाशीच असते आणि उंचीचा अंदाज घ्यायला नवख्याचे डोळे नकळत तिच्याकडे वळतात. सूर्य पाच अंशांवर असताना सावली उंचीच्या जवळजवळ अकरा पट लांब पडते. मॉडेल जमिनीपासून एक मीटरवर, सावली अकरा मीटर पलीकडे. तिच्याकडे बघून उतरवायला गेलात तर आपटणार. नजर स्किड्सवर, म्हणजे मॉडेल ज्यांवर टेकतं त्या पायांवर, ठेवा.

चष्म्याबद्दल इतकंच की दुपारी करडी काच चालते, संध्याकाळी फिकट तपकिरी किंवा पिवळसर काच बरी. पोलराइज्ड काचेतून ट्रान्समीटरचा पडदा काळा दिसू शकतो, तेव्हा विकत घेण्याआधी पडद्यावर धरून बघा. आणि पुढे लांब झाप असलेली टोपी, ती तर हवीच.

बॅटरी जोडण्याआधी

पात्याचे बोल्ट किती घट्ट असावेत? मॉडेल आडवं धरा, पाती सरळ पसरा. आपल्या वजनाने पातं खाली लोंबता कामा नये, पण हिसका दिला की दुमडलं पाहिजे. मग पात्यांचा कोन बदलणारी प्रत्येक जोडकाडी बोटाने ओढून बघा. एक सुटली तरी मॉडेल हातातून गेलंच.

ट्रान्समीटर आधी चालू, मॉडेलची बॅटरी नंतर, आणि थ्रॉटल होल्डचं बटण दाबलेलं. हे बटण मोटर तोडतं. त्याच्यावर तुमचं एक बोट डोळे मिटूनही गेलं पाहिजे. घरी टीव्ही बघताना याचा सराव करा, खरंच सांगतो. मग काडी उजवीकडे केली की स्वॅशप्लेट, म्हणजे मुख्य पात्यांखालची कलणारी तबकडी, उजवीकडे कलते का, ते बघा. आता मॉडेल हाताने झटकन डावीकडे वळवा. जायरो, म्हणजे वळणं ओळखणारा सेन्सर, लगेच शेपटीच्या पात्यांचा कोन बदलून त्या वळण्याला विरोध करतो का? उलट्या दिशेने करत असेल तर मॉडेल उचलताच भिंगरीसारखं फिरेल. शेवटी, ट्रान्समीटरशी संपर्क तुटल्यावर मोटर बंद होते की नाही, हे पाती काढून एकदा तपासून ठेवा.

पहिलं होव्हर

मॉडेल कलंडू नये म्हणून स्किड्सखाली टोकांना चार चेंडू लावलेल्या आडव्या काड्या बांधा. मॉडेल पायांपासून दहा मीटर लांब, शेपूट तुमच्याकडे, तुम्ही किंचित एका बाजूला. बघणारे सगळे तुमच्या मागे.

पाती पूर्ण वेगात आली की हळूहळू वीतभर नको, सरळ मीटर-सव्वा मीटर वर न्या. नवखा माणूस भीतीने जमिनीला चिकटून उडवतो, पण तिथेच पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत येते आणि मॉडेल डुचमळतं. वर गेलं की ते शांत होतं. शांत झाल्यावरही ते किंचित उजवीकडे कललेलं दिसेल. तो बिघाड नाही. बहुतेक मॉडेलांची मुख्य पाती वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात, शेपटीचं पातं त्या पिळाला आवरताना सगळं मॉडेल डावीकडे ढकलतं आणि तो कल ते ढकलणं भरून काढतो. मी सुरुवातीला तो कल ट्रिमने, म्हणजे ट्रान्समीटरवरच्या बारीक जुळणीने, घालवायला बघत होतो आणि मॉडेल सारखं डावीकडे सरकत होतं.

दुपारी फ्योर्डवरून वारा जमिनीकडे येतो आणि सूर्य उतरला की पडतो. म्हणून पहिली होव्हर आठ ते नऊच्या दरम्यान करा. वारा कमी झालेला असतो आणि सूर्य अजून एक मूठ तरी वर असतो. हा एक तास नवशिक्यासाठी सोन्यासारखा आहे.

आता एक गोष्ट जी पुस्तकात सापडत नाही: चिलटं. इथे त्यांना क्नॉट म्हणतात. वारा पडला की ती नेमकी त्याच वेळी येतात. दोन्ही अंगठे काड्यांवर असताना चिलट पापणीवर बसतं, हात आपोआप उचलला जातो आणि तेवढ्यात मॉडेल गेलेलं असतं. उडवण्याआधी कपाळ, कान आणि मनगटांना औषध लावा. बोटांच्या पेरांना नको, काड्या निसटतात. तरीही चावलंच तर चावू द्या, आधी मॉडेल उतरवा. उंच गवतात मॉडेल शोधून आलात की पायांवर गोचीड आहे का तेही बघा.

बॅटरी, गारवा आणि आग

लिथियम पॉलिमरचा सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. उतरल्यावर दोन मिनिटं थांबून मोजा, प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ च्या मध्ये असावा. त्याखाली असेल तर उड्डाणाचा टायमर अर्ध्या मिनिटाने कमी करा. सुरुवातीला चार मिनिटं भरपूर झाली.

उजेड पाहून ऊब आहे असं वाटतं, पण अकराच्या सुमारास जूनमध्येही पारा सात-आठ अंशांवर येतो. गार बॅटरी भाराखाली लवकर दबते, त्यामुळे दुपारी चार मिनिटं चाललेला बॅटरीचा पॅक रात्री साडेतीन मिनिटांतच ढेपाळू शकतो. पुढचा पॅक जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नॉर्वेत जंगलात आणि जंगलालगत आग पेटवायला सरसकट बंदी असते, त्यावरून इथलं गवत किती पेटतं ते ओळखा. पडलेल्या मॉडेलची चेपलेली बॅटरी दहा मिनिटांनीही पेट घेऊ शकते. सोबत वाळूची बादली आणि फावडं ठेवा. पडलेला पॅक गाडीत ठेवू नका. मोकळ्या दगडावर किंवा खडीवर ठेवा आणि नजर त्याच्यावर असू द्या.

थांबायचं कधी

जूनअखेरची एक रात्र. पाच पॅक उत्तम झाले होते, नाक समोर ठेवून पहिल्यांदाच पूर्ण मिनिट होव्हर जमलं होतं. पावणेअकरा वाजले होते. सूर्य डोंगराच्या कडेवर टेकत आला होता, आकाश इतकं उजळ होतं की मला ती संध्याकाळची सुरुवातच वाटत होती. मी सकाळी सहाला उठलो होतो, हे अंगाला माहीत होतं, डोळ्यांना नव्हतं. सहावा पॅक जोडला. दुसऱ्या मिनिटाला मॉडेल सूर्याच्या रेषेत सरकलं आणि काळं झालं. मला वाटलं शेपूट माझ्याकडे आहे. ते नाक होतं. मी सावरायला काडी दिली ती नेमकी उलटी, आणि होल्डच्या बटणावर बोट गेलं ते मॉडेल गवतात पडल्यावर. पात्यांनी शेपटीचा दांडा मधोमध कापला होता. त्या दिशेला कोणी उभं नव्हतं, ही देवाची कृपा.

तेव्हापासून मी घरून निघतानाच पॅक मोजून घेतो: कामाच्या दिवशी चार, सुट्टीच्या दिवशी सहा. गाडीच्या बॅटरीवर चालणारा चार्जर नेत नाही. फोनमध्ये साडेदहाचा गजर असतो, तो वाजला की हवेत असलेला पॅक शेवटचा. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते घरीच ठरवा. मैदानावर ठरवायला गेलात की तो उजेड तुमच्या वतीने ठरवतो. सलग दोन उड्डाणांत काडी उलटी गेली, तर गजराचीही वाट बघू नका.

आवरताना दव पडलेलं असतं. मॉडेल कोरड्या फडक्याने पुसा, खास करून स्वॅशप्लेटखालचे बेअरिंग आणि शेपटीचा दांडा, आणि कॅनोपी काढून रात्रभर घरात उघडं ठेवा. न वापरलेले पॅक दुसऱ्या दिवशी उडणार नसतील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. मग खोलीचे जाड पडदे ओढा आणि झोपा, बाहेर उजेड असला तरी.